लवादाची मुदत उलटली, निवाडा आला नाही: कोर्टाकडून वेळ कशी मागायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडचा एक छोटा फॅब्रिकेशन कारखाना. एका कंपनीला चाकणला शेड उभारून दिली, शेवटच्या बिलांचे एक कोटी चाळीस लाख अडकले. करारात लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवाद म्हणून नेमलेल्या त्रयस्थाने सोडवायचा, पण समोरची कंपनी लवाद नेमायला तयार नव्हती, म्हणून उच्च न्यायालयातून लवाद कायद्याच्या कलम ११ खाली एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक करून घेतली. त्यांना नेमणुकीचं पत्र मिळालं १० जानेवारी २०२४ ला. दावा आणि कैफियत, म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर, मिळून कागद पुरे झाले ५ जुलै २०२४ ला. वर्ष संपलं तेव्हा दोन्ही बाजूंनी सहा महिने वाढवून दिले. तेही जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात संपले. उलटतपास झालाय, युक्तिवाद अर्ध्यावर आहे. आता समोरचे म्हणतात, लवादाचा अधिकार संपला, तुमचा दावाही संपला. कोर्टात जायला उशीर झाला का, जायचं तर कुठल्या कोर्टात, आणि लवाद बदलला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल का, असं विचारलंय.

उशीर झालेला नाही. दावा संपलेला नाही. पहिल्यापासून काही करावं लागणार नाही. कोर्ट कुठलं हा मात्र खरा नाजूक प्रश्न आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसवा. तुमच्या अर्जाचा निकाल 'मुदत किती उलटली' यावर फारसा ठरत नाही. दीड वर्षातला वेळ कुणी खाल्ला, हे लवादाच्या रोजनाम्यातून काय दिसतं, त्यावर तो ठरतो.

आधी कलमाची रचना. लवाद आणि सलोखा कायदा १९९६ चा आहे, पण मुदतीचं कलम २९अ त्यात मुळात नव्हतं. १९४० च्या जुन्या कायद्यात लवादाला निवाड्यासाठी चार महिने असायचे आणि न्यायालय कलम २८ खाली ती मुदत वाढवून देई, अगदी निवाडा होऊन गेल्यावरसुद्धा. त्या व्यवस्थेत निम्मं आयुष्य कोर्टाच्या फेऱ्यांतच जायचं. त्या कायद्याखाली चाललेल्या लवादांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गुरु नानक फाउंडेशनच्या निकालात म्हटलं होतं की हे पाहून वकील हसतात आणि कायद्याचे तत्त्वज्ञ रडतात. १९९६ च्या कायद्याने वैतागून मुदतच काढून टाकली. मग लवाद सात-सात, आठ-आठ वर्षं चालायला लागले. शेवटी २३ ऑक्टोबर २०१५ पासून मुदत परत आली, तीही दातांसकट: लवादाने काम हाती घेतल्यापासून बारा महिन्यांत निवाडा, नाहीतर अधिकार संपला.

बारा महिन्यांचं ते घड्याळ नेमणुकीचं पत्र मिळताच सुरू व्हायचं. समोरच्याने कैफियत द्यायला पाच महिने लावले की हातात उरायचे सात. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१७ मध्ये यावर बोट ठेवलं, आणि ३० ऑगस्ट २०१९ पासून कलम बदललं. आता दोन टप्पे आहेत. दावा आणि कैफियत लवादाला नेमणुकीची लेखी सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांत पुरी व्हायला हवी, ते कलम २३(४). कागद पुरे झाल्यापासून पुढे बारा महिन्यांत निवाडा, ते २९अ(१). दोन्ही पक्ष संमतीने आणखी सहा महिने देऊ शकतात, ते पोटकलम (३). सहाच, सात नाहीत. दोघांनी मिळून दोन वर्षं लिहून दिली तरी कायद्याच्या लेखी ती सहाच. त्यापुढे फक्त न्यायालय.

लवाद स्वतःहून मुदत वाढवू शकत नाही, आणि न्यायालयाकडे अर्जही तो करत नाही. पोटकलम (५) प्रमाणे अर्ज पक्षकाराचा. 'लवादसाहेब बघून घेतील' म्हणून गप्प बसणारे दावेदार पुष्कळ भेटतात. लवाद काहीही बघून घेऊ शकत नाही. त्याच्या हातात आहे ते इतकंच, की रोजनाम्यात लिहायचं: अमुक तारखेला मुदत संपते, पक्षकारांनी योग्य ती पावलं उचलावीत.

एक अपवाद सांगून टाकतो, कारण तळेगाव-चाकण पट्ट्यात परदेशी कंपन्यांशी करार करणारे खूप आहेत. समोरचा पक्ष परदेशी असेल आणि लवाद 'आंतरराष्ट्रीय वाणिज्यिक' या व्याख्येत बसत असेल, तर २०१९ नंतर बारा महिन्यांची सक्ती नाही, शक्य तितक्या लवकर निवाडा द्यावा एवढंच. टाटा सन्स विरुद्ध सिवा इंडस्ट्रीज या जानेवारी २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ३० ऑगस्ट २०१९ ला चालू असलेल्या लवादांनाही लागू असल्याचं सांगितलं. कंपनीचे शेअर परदेशी लोकांकडे आहेत एवढ्यावर मात्र ती परदेशी ठरत नाही. तिची नोंदणी कुठली ते बघा. तुमच्या प्रकरणात दोन्ही पक्ष इथलेच दिसतात, तेव्हा सक्ती आहेच.

आता तुमच्या समोरच्यांचा मुद्दा. पोटकलम (४) म्हणतं, मुदतीत निवाडा झाला नाही तर लवादाचा अधिकार संपुष्टात येईल, 'जोवर न्यायालयाने मुदत संपण्यापूर्वी किंवा संपल्यानंतर' ती वाढवलेली नाही तोवर. 'संपल्यानंतर' हे शब्द कायद्यातच आहेत. तरीही कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये धरलं की न्यायालयाचा आदेश नंतर येऊ शकेल, पण अर्ज मुदत संपण्याआधीच पडायला हवा. दिल्ली, मुंबई, केरळ अशा इतर न्यायालयांनी उलट धरलं. मुंबईने तर त्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं की नंतरचा अर्जही चालतो. हा गोंधळ सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ ला रोहन बिल्डर्स विरुद्ध बर्जर पेंट्स या निकालात संपवला. मुदत उलटल्यावर केलेला अर्जही ग्राह्य आहे. अधिकार 'संपतो' तो कायमचा नाही, सशर्त संपतो. न्यायालयाने वेळ दिली की तो पुन्हा उभा राहतो.

तेव्हा समोरच्या वकिलांचं पत्र आलं असेल तर उत्तरात या एका निकालाचा उल्लेख पुरेसा आहे. बहुतेक वेळा असं पत्र कायदा माहीत नाही म्हणून येत नाही, तुम्ही घाबरून तडजोडीला बसाल या आशेवर येतं.

पण याच निकालात दुसरीही बाजू आहे, ती वाचायची लोक विसरतात. वेळ वाढवणं यांत्रिक नाही. 'पुरेसं कारण' दाखवावं लागतं, न्यायालय अटी घालू शकतं, खर्च बसवू शकतं. म्हणजे दार उघडं आहे, पण दारात कुणीतरी कागद तपासायला उभं आहे.

पुरेसं कारण म्हणजे काय, यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अजय प्रोटेकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय बोललं. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाने वेळ नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती दिली आणि सांगितलं की 'पुरेसं कारण' हे शब्द लवादातून वाद निकाली काढण्याच्या हेतूच्या उजेडात वाचायचे. मर्यादा कायद्यात (लिमिटेशन अॅक्ट) अपील उशिरा दाखल केल्यावर एकेका दिवसाचा हिशोब मागतात, तसलं कडक माप इथे नाही. पुरावा झालाय, पैसा खर्च झालाय, निवाडा हाताशी आलाय, अशा वेळी लवादाची प्रक्रियाच मारून टाकून दोघांना पुन्हा शून्यावर पाठवण्यात कुणाचंच भलं नाही. म्हणूनच तुमच्यासारख्या अर्जाला, म्हणजे युक्तिवाद अर्धे झालेल्या, सहसा वेळ मिळते. नुसता दावा दाखल करून वर्षभर हालचाल न केलेल्याला हेच न्यायालय अवघड प्रश्न विचारतं.

आता रोजनाम्याकडे या. लवादाच्या प्रत्येक बैठकीची नोंद, म्हणजे रोजनामा किंवा मिनिट्स, तुमच्या वकिलाच्या फाइलला असते. ती पहिल्या पानापासून घेऊन एक तक्ता करा. चार रकाने: तारीख, काय व्हायचं ठरलं होतं, काय झालं, का झालं नाही. अर्जाला जोडायचा हाच खरा दस्तऐवज. न्यायाधीश अर्जातले परिच्छेद वाचोत न वाचोत, हा तक्ता वाचतात. त्यात नोंदी अशा दिसतात:

'१२ नोव्हेंबर २०२४. दावेदाराच्या साक्षीदाराचा उलटतपास. साक्षीदार हजर. सामनेवाल्यांचे वकील दुसऱ्या न्यायालयात, तारीख मागितली. पुढची तारीख १७ डिसेंबर.

१७ डिसेंबर २०२४. सामनेवाल्यांनी मोजमाप वहीच्या मूळ प्रतीची मागणी करणारा अर्ज दिला. उत्तरासाठी तारीख.

२१ जानेवारी २०२५. लवादांची प्रकृती बरी नसल्याने बैठक रद्द.'

या तीन ओळींतून तीन वेगळी कारणं दिसतात आणि तिन्हींचा जबाबदार वेगळा आहे. पहिली समोरच्याची. दुसरी वादाच्या स्वरूपातली, तिला कुणाचा दोष म्हणता येत नाही. तिसरी लवादाकडची, पण समजण्यासारखी. तक्ता प्रामाणिक ठेवा. तुमच्या बाजूनेही दोन-तीन तारखा गेल्या असतील, कारखान्यातला हिशेबनीस सुट्टीवर, साक्षीदाराला ताप, असं काहीतरी. त्या तारखा गाळू नका. समोरचा त्या दाखवणारच, आणि मग उरलेला सगळा तक्ता संशयाच्या भोवऱ्यात सापडतो.

रोजनाम्यात कारण लिहिलेलंच नसेल तर? फार वेळा नुसतं 'पुढील तारीख अमुक' एवढंच असतं. मग ईमेल काढा. लवादांना तारीख बदलायची विनंती कुणी कधी पाठवली ते तिथे असतं. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आलेला व्हॉट्सअॅप संदेशही चालतो, मात्र त्याला प्रतिज्ञापत्राचा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा आधार द्यावा लागेल. ही धावपळ नको असेल तर लवाद चालू असतानाच प्रत्येक तहकुबीला 'कुणाच्या विनंतीवरून' हे दोन शब्द लिहून घ्यायची सवय लावा. कलम २४ मध्ये आता स्पष्ट आहे की तोंडी सुनावणी शक्यतो रोजच्या रोज व्हावी, पुरेशा कारणाशिवाय तहकुबी देऊ नये आणि विनाकारण तारीख मागणाऱ्यावर खर्च बसवावा. हे कलम कुणी वापरत नाही. वापरलं असतं तर निम्मे २९अ चे अर्ज झालेच नसते.

लवाद थांबण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे फी. समोरच्याने आपला हिस्सा भरला नाही, लवादांनी बैठक घेतली नाही, महिने गेले. यात दावेदार नुसता तक्रार करत बसतो. कलम ३८ प्रमाणे एका पक्षाने हिस्सा भरला नाही तर दुसरा भरू शकतो, नंतर खर्चात धरू शकतो. तुम्हाला तो भरून काम पुढे नेता आलं असतं, हे न्यायालयाच्या ध्यानात येतं. तेव्हा फी अडल्यामुळे काही महिने गेले असतील तर त्यावर तुमचं उत्तर तयार ठेवा.

आणि कोविड. तुमच्या तारखा २०२४ च्या पुढच्या आहेत, तेव्हा तुम्हाला त्याचा संबंध नाही. पण जुन्या लवादांसाठी सांगतो: सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ कलम २३(४) आणि २९अ च्या मोजणीतून वगळला आहे. त्या काळातले लवाद असतील तर आधी तेवढा काळ वजा करा. कित्येकदा हिशोब नीट केल्यावर मुदत संपलेलीच नसते.

मोजणीतच आणखी एक खोच आहे. 'कागद पुरे झाले' ती तारीख कुठली? कैफियतीची, की तुमच्या प्रत्युत्तराची, की समोरच्याने प्रतिदावा केला असेल तर त्याच्या जबाबाची? यावर भांडण उभं राहू शकतं. तुम्ही ५ जुलै २०२४ म्हणता, ती लवादांनी कुठे लिहून ठेवली आहे का बघा. ठेवली असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर सगळ्यांत आधीची तारीख धरून हिशोब करा आणि अर्जात तीच लिहा. उशीर थोडा जास्त दिसला तरी चालेल, पण नंतर कुणी 'मुदत त्याहून आधीच संपली होती' म्हणायला जागा राहता कामा नये.

आता कोर्ट. इथे गेली काही वर्षं महाराष्ट्रात आणि गोव्यात बरीच ओढाताण झाली.

कलम २९अ मधलं 'न्यायालय' म्हणजे कलम २(१)(ई) मधलं न्यायालय. देशांतर्गत लवादात जिल्ह्याचं मुख्य दिवाणी न्यायालय, आणि जिथे उच्च न्यायालयाला मूळ दिवाणी अधिकार, म्हणजे दिवाणी दावे थेट स्वतःकडे दाखल करून घेण्याचा अधिकार, आहे तिथे उच्च न्यायालय. असा मूळ अधिकार मुंबई उच्च न्यायालयाला फक्त बृहन्मुंबईपुरता आहे. नागपूर, औरंगाबाद, गोवा ही खंडपीठं किंवा ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच, यांना तो नाही.

मग अडचण कुठे आली? लवाद उच्च न्यायालयाने कलम ११ खाली नेमलेला असेल तर जिल्हा न्यायालयाने त्याची मुदत वाढवायची, वेळ आली तर त्याला बदलायचं, हे अनेकांना खटकलं. उच्च न्यायालयाने नेमलेल्या माणसाला खालचं न्यायालय कसं हटवणार? म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये धरलं की नेमणूक उच्च न्यायालयाची असेल तर वेळही उच्च न्यायालयाकडेच मागावी, आणि पक्षकारांनी संमतीने नेमला असेल तर जिल्हा न्यायालयाकडे. प्रकरण गोव्यातल्या एका कुटुंबाच्या समझोत्यातून निघालेलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी नाकारली. नेमणूक कुणीही केलेली असो, २९अ चा अर्ज २(१)(ई) मधल्या न्यायालयातच. कायद्याने 'न्यायालय' या शब्दाची व्याख्या केली आहे, मानापमानाच्या भावनेवरून ती बदलत नाही. त्याआधी मे २०२४ मध्ये मेघालयातल्या एका रस्त्याच्या कंत्राटाच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की मूळ दिवाणी अधिकार नसलेल्या उच्च न्यायालयाकडे हा अर्ज चालत नाही. मला जानेवारी २०२६ चा निकाल पटतो. कलम ११ खाली उच्च न्यायालय नेमणूक करतं आणि बाजूला होतं. प्रत्येक मुदतवाढीसाठी सावंतवाडीच्या किंवा लातूरच्या माणसाने उच्च न्यायालयाची पायरी चढावी, असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही.

तुमच्यापुरतं म्हणजे काय? करारात लवादाचं 'सीट' कुठे आहे ते आधी काढा. सीट म्हणजे बैठका भरतात ती जागा नाही, लवादाचं कायदेशीर घर. बैठका सोयीसाठी शिवाजीनगरच्या एखाद्या कॉन्फरन्स हॉलमध्ये झाल्या असतील आणि करारात सीट मुंबई लिहिलं असेल, तर न्यायालय मुंबईचं, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाची मूळ शाखा. सीट पुणे असेल तर पुण्याच्या जिल्हा न्यायालयातलं कमर्शियल कोर्ट, कारण तुमची रक्कम तीन लाखांच्या पुढे आहे आणि बांधकाम-पुरवठ्याचा वाद 'व्यापारी वाद' आहे. कारखाना चिंचवडला आहे आणि शेड चाकणला आहे, यावरून न्यायालय ठरत नाही, सीट लिहिलेलं असेल तोवर. आमच्या इथल्या करारांत बरेचदा दोन्ही गोष्टी असतात: 'लवाद पुण्यात होईल' आणि शेवटच्या पानावर 'मुंबईच्या न्यायालयांना अधिकार'. अशा वेळी वकिलाला नीट वाचू द्या, अंदाजाने अर्ज टाकू नका.

दुसरं, कलम ४२ तपासा. या लवादासंबंधी पूर्वी एखाद्या न्यायालयात अर्ज झाला असेल, उदाहरणार्थ कलम ९ खाली बँक गॅरंटीवर मनाई मागितली असेल, तर पुढचे सगळे अर्ज त्याच न्यायालयात, अर्थात मुळात त्याला अधिकार असेल तर. कलम ११ चा अर्ज मात्र यात मोजत नाहीत. नेमणुकीसाठी उच्च न्यायालयात गेला होता म्हणून मुदतवाढीलाही तिथेच, हा तर्क चालत नाही.

चुकीच्या कोर्टात गेलात तर काय होतं? अर्ज परत मिळतो, दोन-तीन महिने जातात, आणि त्या काळात लवाद अडकून बसतो. अर्ज फेटाळला जाण्यापेक्षा हे मला जास्त खुपतं, कारण ते टाळता येतं.

अर्जात काय मागायचं, हे वकील जाणतातच, पण तीन मागण्या तपासून घ्या. एक, वाढ मुदत संपल्याच्या दिवसापासून मागा, आदेशाच्या तारखेपासून नको. मधे एखादी बैठक झाली असेल तर ती आत यायला हवी. दोन, नेमका काळ सांगा आणि तो कसा लागेल ते दाखवा: उरलेला युक्तिवाद दोन बैठका, लेखी टिपणासाठी पंधरा दिवस, निवाडा लिहायला तीन महिने. हिशोबाने सहा महिने येत असतील तर सहाच मागा. 'कमी मागितले की लगेच मिळतात' म्हणून तीन मागणारे लोक पुन्हा त्याच न्यायाधीशापुढे उभे राहतात, आणि दुसऱ्या वेळेस न्यायाधीशांच्या चेहऱ्यावरची रेषा वेगळी असते. तीन, निकाल होईपर्यंत लवादाचा अधिकार चालू आहे, हे आदेशात नोंदवून मागा. २०१९ च्या बदलाने ते कायद्यातच आहे. पोटकलम (५) खालचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत अधिकार चालू राहतो. तरी कागदावर असलेलं बरं.

न्यायालयाने नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं पोटकलम (९) म्हणतं. समोरचा विरोध करत नसेल तर प्रकरण लवकर आटोपतं. विरोध असेल तर कमर्शियल कोर्टाच्या गर्दीवर अवलंबून आहे. समोरचा विरोध करतोय यानेच तुमचं काम सोपं होतं, असंही कधी कधी होतं. ज्याने स्वतः तारखा घेतल्या तोच आता मुदतीचा आधार घेतोय, हे न्यायाधीशांच्या नजरेतून सुटत नाही, आणि पोटकलम (८) खाली खर्च किंवा दंडात्मक खर्च बसवायची मुभा त्यांना आहे.

लवाद बदलण्याबद्दल. पोटकलम (६) प्रमाणे वेळ देताना न्यायालय एक किंवा सगळे लवाद बदलू शकतं, आणि बदललं तरी काम जिथे थांबलं तिथूनच पुढे जातं. नोंदवलेला पुरावा, साक्षी, सगळं नव्या लवादाने ग्राह्य धरायचं. उलटतपास पुन्हा होत नाही. पण मागा तेव्हा विचार करा. तुमच्या लवादांनी उलटतपास स्वतः ऐकलाय, अर्धा युक्तिवाद ऐकलाय. नवा माणूस आला की त्याला फाइल वाचायला वेळ लागेल, आणि तुमच्या साक्षीदाराने उलटतपासात कसं उत्तर दिलं हे त्याला कागदावरूनच कळेल. लवादच सतत गैरहजर असतील तर बदल मागा. नाहीतर बदलाने समोरच्याला आणखी सहा महिने आयते मिळतात.

उशीर लवादामुळे झाला असं न्यायालयाला दिसलं तर दर महिन्याच्या उशिरापोटी त्यांची फी पाच टक्क्यांपर्यंत कापायचा अधिकार आहे, मात्र आधी त्यांचं म्हणणं ऐकून. हे हत्यार उपसलेलं फार क्वचित दिसतं. तुम्ही ते मागू नका, कारण त्याच लवादांच्या हातून तुम्हाला निवाडा घ्यायचाय.

इंग्लंडचा मार्ग वेगळा आहे. तिथल्या १९९६ च्या कायद्यात सगळ्या लवादांना लागू असा बारा महिन्यांचा आकडाच नाही. करारात मुदत ठरवलेली असेल तर न्यायालय ती कलम ५० खाली वाढवतं, तेही वाढ न दिल्यास मोठा अन्याय होईल अशी खात्री पटली तरच. आपल्याकडे मुदत कायद्याने घातली आणि वाढवायचं कामही न्यायालयावर टाकलं, त्यामुळे ज्या कोर्टाच्या फेऱ्या टाळायला लोक लवादाकडे जातात त्याच फेऱ्या ठराविक वेळी करायची सोय झाली. संस्थेमार्फत चालणाऱ्या लवादांना, उदाहरणार्थ मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशनकडच्या देशांतर्गत लवादांनाही, २९अ लागू आहेच. हे काम निदान अशा संस्थांकडे सोपवता आलं असतं, असं मला वाटतं.

वेळ नाकारली गेली तर काय, असंही तुमच्या मनात असेल. कलम ३७ मध्ये अपील करण्याजोग्या आदेशांची यादी आहे, तीत २९अ नाही. म्हणजे अपील नाही. जिल्हा न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाकडे जाता येतं, पण तिथे हस्तक्षेपाची कक्षा अरुंद आहे. म्हणून पहिलाच अर्ज नीट भरा.

मधल्या काळात समोरची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर हा सगळा विचार बाजूला ठेवावा लागतो. दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ च्या स्थगितीत तिच्याविरुद्धचा लवाद चालू ठेवता येत नाही. तेव्हा आधी दाव्याचा अर्ज रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ती प्रक्रिया चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्या. ही शक्यता एकदा तपासून घ्या म्हणतो.

आता या आठवड्यात लवादांना काय कळवायचं? रोहन बिल्डर्सच्या निकालात आहे की मुदतवाढीचा अर्ज न्यायालयात असताना निवाडा जाहीर करू नये. केलाच, तर न्यायालयाने तरीही अर्जाचा निकाल द्यायचाच आहे, पण तो गुंता कशाला? आणि न्यायालयाची वाढच मिळाली नाही अशा परिस्थितीत दिलेला निवाडा कलम ३४ खाली तो रद्द करून मागायला समोरच्याला आयतं निमित्त देतो. तेव्हा अर्ज दाखल झाला की त्याच दिवशी लवादांना आणि समोरच्या वकिलांना एकच ईमेल पाठवा, अगदी साधा:

'दावेदारांनी कलम २९अ(५) खाली मुदतवाढीचा अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी अमुक न्यायालयात दाखल केला आहे. प्रत सोबत जोडली आहे. कलम २९अ(४) च्या परंतुकानुसार अर्जाच्या निकालापर्यंत लवादाचा अधिकार चालू आहे. उर्वरित युक्तिवादासाठी तारीख द्यावी. न्यायालयाचा आदेश येईपर्यंत निवाडा जाहीर करू नये, ही विनंती.'

लवादांनी काम पुढे चालू ठेवलं तर उत्तम. न्यायालयाचा आदेश येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर जबरदस्ती करू नका. तोवर उरलेल्या युक्तिवादाचं लेखी टिपण तयार करून ठेवा. आदेश आला की दुसऱ्या दिवशी ते दाखल करता येईल, आणि सहा महिन्यांतला पहिला महिना वाया जाणार नाही.